कापूस भरलेले जोडे

पेइलान सकाळी गेली. न्याहारीची भांडी अजून पाण्यात पडलेली होती. तीन दिवसांपूर्वी तिने पलंगाशेजारचं गार पाण्याचं घमेलं पायानेच जरासं ढकललं होतं आणि म्हणाली होती, "आता राहू दे." दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. तिच्या मुलीला, वानछिऊला, मात्र तेव्हाच कळून चुकलं. आईचे पाय पाण्यावाचून तासभर राहिलेले तिने कधी पाहिले नव्हते.

अंगणात च्याशुनने, तिच्या धाकट्या भावाने, फटाक्यांची माळ लावली. दरीच्या पलीकडच्या चहाच्या मळ्यांतून बायकांनी माना वर केल्या आणि कोण गेलं ते ओळखलं. माळ संपते न संपते तोच आत्या दारात हजर. आत्या म्हणजे वानछिऊच्या वारलेल्या वडिलांची धाकटी बहीण, वय एकाहत्तर, घर हाकेच्या अंतरावर. गावातली कुठलीही बाई गेली की तिला शेवटचं न्हाऊ घालून कपडे चढवायचं काम आत्याचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण दुसरं कुणी पुढेही होत नसे.

आत्या पलंगाजवळ उभी राहिली. वहिनीच्या कपाळावरचे केस तिने मागे सारले. मग बाह्या वर केल्या.

"च्याशुन, ओढ्यावर जा. उदबत्त्या ने, त्या काठाशी लावल्याशिवाय उचलू नकोस पाणी. वरच्या धारेचं आण. आणि येताना दवण्याचा पाला ओरबाड थोडा, उकळायला टाकू."

"पाणी तापवायचं नाही," वानछिऊ म्हणाली.

"काय?"

"गार पाण्यानेच धुवायचं."

आत्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या वुहानमध्ये अशी पद्धत निघालीय का? सात कपडे चढवायचेत तिला, एकावर एक. अंग मऊ पडलं नाही तर हात कसे घालणार बाहीत? तू घालशील?"

"वरचं अंग तुम्ही कोमट पाण्याने पुसा. पाय मी धुते. गार पाण्याने."

आत्या काहीतरी बोलणार होती, पण तिची नजर कोपऱ्यातल्या घमेल्याकडे गेली. "बरं. पाय तुझे."

च्याशुन दोन बादल्या घेऊन उतारावरून खाली गेला.

त्या ओढ्याला पेइलानचे पाय गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त ओळखीचे असणार. ती अकरा-बारा वर्षांची असताना पायांची आग सुरू झाली. आधी तळवे, मग घोटे. लालबुंद व्हायचे, सुजायचे, आणि पोरगी रडत पाण्याकडे धावायची. कुणी म्हणालं, नको तिथे पाय पडला. कुणी म्हणालं, रक्तात उष्णता आहे, कारली खायला घाला. कारली खाऊन झाली, झाडपाल्याचे लेप झाले, एकाने तर तापलेली सुईही टोचून पाहिली. शेवटी सगळे कंटाळले आणि तिचं नाव पडलं जळक्या पायांची पेइलान. बर्फ पडला की गाव चुलीभोवती गोळा व्हायचं आणि ही अनवाणी अंगणात उभी. लग्न झालं तेही अनवाणीच; नवरीचे लाल जोडे तिने हातात धरले होते, असं आत्या अजून सांगे.

आणि हीच बाई गावात सगळ्यांत चांगले जोडे शिवायची. चिंध्यांना खळ लावून त्यांचे थर उन्हात वाळवायचे, थरावर थर रचून तळवा करायचा, मग तागाच्या दोऱ्याने असा दाट शिवायचा की बोटाचं नखही टाक्यांमध्ये शिरू नये. लग्न ठरलेल्या मुलीला सासरच्या प्रत्येक माणसासाठी एक जोड न्यावा लागे. ज्यांना जमत नसे त्या पेइलानकडे यायच्या. ती ओट्यावर बसायची, पाय घमेल्यात, मांडीवर कुणाच्या तरी सासऱ्याचा तळवा. मापाचे कागद एका जुन्या वहीच्या पानांत ठेवलेले असत. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक कागदावर एक खूण: सुताराच्या मापावर करवत, दाईच्या मापावर पाळणा. त्या वहीत स्वतःचं माप तिने कधी ठेवलं नाही. ठेवून करायचं काय?

च्याशुन पाणी घेऊन आला. आत्याने एक बादली चुलीकडे नेली, दुसरी वानछिऊपुढे ठेवली. वानछिऊने घमेलं ओढलं, पाणी ओतलं, आणि गुडघ्यावर बसली.

असं ती याआधी एकदाच बसली होती. नऊ वर्षांची असताना.

शाळेने घरचा अभ्यास दिला होता: आईचे पाय धुवा. कितीतरी शाळा देतात, अजूनही देतात. पण त्या वर्षी जिल्ह्याहून कुणी साहेब यायचे होते म्हणून बाईंनी तो अभ्यास शाळेच्या पटांगणातच ठेवला. थंडीचे दिवस. बाकांवर ओळीने तीसएक आया, पुढ्यात तीस घमेली, घमेल्यांपुढे तीस मुलं. बाईंनी आदल्या दिवशी वर्गात समजावलं होतं की पायांत गारठा शिरला की सगळं दुखणं तिथून चालू होतं, आणि तो गारठा फक्त ऊन पाण्याने निघतो. वानछिऊला ते इतकं पटलं होतं की रात्रभर तिला झोप लागली नाही. आईचे पाय तर कायमच गार पाण्यात! कुणाला सुचलंच नव्हतं का इतकी वर्षं?

"पाणी ऊन आहे का ग?" आईने एकदाच विचारलं.

"छान ऊन आहे. थांब, आणखी घालते." आणि तिने किटलीतलं आणखी ओतलं.

आईने पाय घातले. साहेब ओळीतून चालत येत होते. वानछिऊ घोट्यांपासून बोटांपर्यंत चोळत होती, बाईंनी दाखवलं होतं तसं. वर पाहिलं तर आई हसत होती. तिची बोटं बाकाच्या कडेत रुतली होती, पण ते मुलीच्या ध्यानात नंतर आलं, बऱ्याच नंतर. साहेब म्हणाले, "काय मायेने पाय धुतेय पोरगी! नाव काय?" तिला प्रशस्तिपत्र मिळालं. लाल किनार, वर सोनेरी अक्षरं, जाड कागद.

संध्याकाळी आई घरात नव्हती. वानछिऊ शोधत ओढ्यावर गेली. आई गुडघाभर पाण्यात उभी होती, काठाशी बर्फाचा पापुद्रा धरला होता.

"काय करतेस आई?"

"मुळे धुतेय."

तिच्या हातात एकही मुळा नव्हता.

प्रशस्तिपत्र वडिलांनी भिंतीवर चिकटवलं होतं. दुसऱ्या दिवशी वानछिऊने ते सोडवून काढलं आणि कुठेतरी खुपसून टाकलं. पुढे ते दिसलं नाही, तिनेही शोधलं नाही. त्या दिवसाबद्दल माय-लेकी एकमेकींशी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. आई बोलली नाही कारण तिच्या लेखी तो विषय मिटला होता. मुलगी बोलली नाही कारण तिच्या लेखी तो मिटलाच नव्हता.

आता घमेल्यातले पाय वेगळेच दिसत होते. लाली नाही, सूज नाही. कायम पाण्यात राहून सालपटं निघालेली कातडी तेवढी तशीच. वानछिऊ हळूहळू पाणी सोडत होती. शेजारी आत्या वहिनीचा खांदा पुसत होती आणि तिच्याशी बोलतही होती, जिवंत माणसाशी बोलावं तशी: "हात वर कर ग. हां. नेहमीचीच आडमुठी."

बारा वर्षांपूर्वी वानछिऊने आईला वुहानला नेलं होतं. पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची तिची नोकरी. कुठल्याशा मासिकाच्या मुद्रितातच तिला हा आजार पहिल्यांदा भेटला. लाल, तापणारे, जळणारे पाय. तिने ते पान तीनदा वाचलं आणि त्यातल्या चुकांवर खुणा करायच्याच राहिल्या. मग इस्पितळाच्या त्वचाविभागात डॉक्टर लू नावाच्या बाई भेटल्या. रक्त तपासलं. महिन्याभराने पुन्हा बोलावलं.

"आजी, कातडीत शिरांची बारीक टोकं असतात," डॉक्टर लू म्हणाल्या होत्या, "आणि त्या टोकांना दारं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. कुठे भाजलं, चटका बसला, की दार उघडतं, मिठाचे कण आत घुसतात आणि डोक्याकडे निरोप जातो, भाजतंय म्हणून. बाकीच्यांची दारं खरंच काही झाल्याशिवाय उघडत नाहीत. तुमच्या दारांच्या कड्या जन्मापासून सैल आहेत. सावलीतून उन्हात पाऊल टाकलं, चार पावलं भराभर चाललात, तरी उघडतात. आणि मिटायला वेळ लावतात."

"म्हणजे पायांत आग नाहीच?"

"आग नाही. नुसता निरोप."

"निरोप्या लबाड म्हणायचा." पेइलानने थोडा विचार केला. "आम्ही मिरच्या खातो तेव्हा तोंडात होतं, ते काय मग?"

डॉक्टर लूंना हा प्रश्न आवडला. "उष्णतेचं दार वेगळं असतं. मिरची त्याच्यावर थाप मारते. त्याला वाटतं, निखाराच आला. थंडीचंही दार असतं, त्याच्यावर पुदिना थाप मारतो."

"पुदिना चोळायचे मी पायांना. घटकाभर बरं वाटायचं." आई मुलीकडे वळली. "ऐकलंस का? मिरची तिखट नाही, पुदिना गार नाही, माझे पाय जळत नाहीत. डॉक्टरीणबाई, मग खरं आहे तरी काय?"

"दुखणं खरं आहे," डॉक्टर लू म्हणाल्या.

परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "दुखणं खरं आहे, म्हणाली ती." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. पन्नास वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोळ्यांनी निम्मी आग उतरली. निम्मी राहिली. हा दोष मुलांत उतरण्याची शक्यता अर्धी होती. वानछिऊ आणि च्याशुन दोघंही सुटली होती. पेइलानला त्याचा इतका आनंद झाला की तिने शेजारणीला न मागताच एक जोड शिवून दिला.

पाय धुऊन झाले. वानछिऊने ते पंच्याने टिपले. आत्याने संदुकीतून निळं बोचकं काढलं. शेवटचे कपडे इथे बायका स्वतःच करून ठेवतात, साठी उलटली की. पेइलानचेही होते. आत्या आणि च्याशुन एकेक चढवत गेले: आतले पांढरे, मग निळे, मग कापूस भरलेला अंगरखा. जून महिना होता, तिघांच्याही अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. बाहेर शेजारचे पुरुष मांडवाचे बांबू ठोकत होते.

"आता कापसाचे जोडे," आत्या म्हणाली.

"जोडे नाही घालायचे."

च्याशुनने खाली मान घातली. बहिणीचा हा आवाज त्याला माहीत होता.

"ताई," तो हलकेच म्हणाला, "तासाभरात सगळं गाव येईल. अनवाणी ठेवलेली दिसली तर काय म्हणतील? सगळ्या गावाला जोडे शिवले त्या बाईने, आणि पोरांनी तिला..."

"म्हणू देत."

"म्हणू देत काय?" आत्या उसळली. "तू परवा गाडीत बसून जाशील. त्याला इथे राहायचंय. आणि लोकांचं सोड. वाट केवढी लांब आहे, दगडधोंड्यांची! मी आजवर एकीलाही अनवाणी लावलं नाही त्या वाटेला. हिला लावू? माझ्या वहिनीला?"

"आत्या, जन्मभर तिला पायात साधी चप्पल सोसली नाही. आणि आता ती बोलू शकत नाही, तर कापसाचे जोडे कोंबायचे? या उन्हाळ्यात? चार लोकांनी बघावं म्हणून?" वानछिऊचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "एकदा मी तसं केलंय. चार लोकांनी बघावं म्हणून. पुन्हा नाही करणार."

बाहेर कुणीतरी बांबू नीट धर म्हणून ओरडलं.

आत्या पलंगाच्या कडेवर टेकली. "अजून तेच धरून बसलीस ग?" तिच्या आवाजातला राग गेला होता. "ती म्हणायची मला. म्हणायची, पाय माझे पोळले आणि लंगडत पोरगी चाललीय तीस वर्षं."

"तुम्हाला बोलली ती? त्याबद्दल?"

"तुला कशी बोलणार? पायाचा विषय निघाला की तुझं तोंड असं व्हायचं. आताही झालंय बघ, आरसा आणू का? म्हणून हेही माझ्याजवळ बोलली. जोड्यांचं."

"काय जोड्यांचं?"

"बोचकं उघड. मग बोल."

बोचक्याच्या तळाशी, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले, जोडे होते. काळ्या कापडाचे, घोट्यापर्यंत उंच, पुढे नाडी. वानछिऊने हातात घेतले आणि तिला वजन जाणवलं. इतका जाड तळवा आईने कुणासाठीच शिवलेला तिने पाहिला नव्हता. टाके इतके दाट की कापड दिसेना. वर कसलंही नक्षीकाम नाही, नुसती कडेने एक बारीक निळी शिवण. आतून कापूस. तिने बोट घातलं तर बोट पेरापर्यंत बुडालं.

"तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत," आत्या म्हणाली. "मी बसले होते तिच्या ओट्यावर. मला म्हणाली, मेल्यावर पाय गार पडतात ना ग? मी म्हटलं, पडतात. अगदी दगड. किती जणींचे हातात घेतलेत मी. तर म्हणे, माझेही? मी म्हटलं, तुझ्यासाठी काय वेगळी सोय ठेवलीय का? पडतील तुझेही. तर अशी हसली! म्हणाली, मग मी तीन थर कापूस घालते. गावात कुणी घातले नसतील असे करते. एकदा तरी बघू दे, जोडा घातला की कसं वाटतं."

च्याशुन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अख्खी थंडी शिवत होती," आत्या पुढे म्हणाली. "पाय घमेल्यात आणि मांडीवर हे. मी चिडवायची, नवरी कुठे निघाली? म्हणायची, निघालेय, घाई नाही."

वानछिऊ जोडे हातात घेऊन तशीच बसून राहिली. गेल्या तीन वर्षांत ती कितीदा घरी येऊन गेली होती. दर खेपेला आईसाठी काय काय आणलं होतं: गार राहणाऱ्या चटया, पायांवर धरायचा छोटा पंखा, पाणी झिरपणार नाही असं नवं घमेलं. आईला काय हवं हे तिला पक्कं ठाऊक होतं. नऊ वर्षांची असतानाही ते तितकंच पक्कं ठाऊक होतं.

तिने हात पुढे केला आणि आईचं पाऊल हातात घेतलं. धुताना ते गार लागलं होतं, पण तो ओढ्याच्या पाण्याचा गारवा असेल असं तिला वाटलं होतं. आता कातडी कोरडी होती. पाऊल आतून गार होतं. टाच, तळवा, बोटं, सगळं. तिच्या आठवणीत पहिल्यांदा. ती ते तसंच धरून बसली आणि तिच्या हाताची ऊब पावलाला लागली तरी पावलाने काहीच केलं नाही. लाल झालं नाही, मागे सरलं नाही.

"आण," आत्या म्हणाली, "मी घालते."

"नाही. पाय माझे म्हणालात ना."

जोड्याचा आकार मोडू नये म्हणून आत कागद घातलेला होता. तिने तो ओढून काढला. तळव्याच्या आकाराचा, मापाचा कागद, जाड. एका कडेला लाल किनार वळत गेलेली, टाचेपाशी सोनेरी अक्षराचा अर्धा भाग, आणि मधोमध, कात्रीतून वाचलेली, तिच्या नावाची दोन अक्षरं शाईत. मागच्या बाजूला पेइलानची खूण होती. घमेलं.

कागद जाड होता म्हणून घेतला असेल. आई काही वाया घालवत नसे.

"काढलास का तो? टोचेल नाहीतर," आत्या म्हणाली. तिला त्या कागदाचं काही माहीत नव्हतं.

"काढला."

वानछिऊने कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि उजवा जोडा चढवला. पाऊल सहज आत गेलं, जरा जास्तच सहज.

"बघ, सैल झाला," आत्या वाकून म्हणाली. "सुजलेल्या पायाचं माप घेऊन बसली होती वेडी. जन्मभर दुसऱ्यांची मापं बरोबर घेतली आणि स्वतःचं चुकली. च्याशुन, कापूस दे रे थोडा. नाक काय पुसतोयस, कापूस दे."

च्याशुनने कापूस दिला. वानछिऊने तो पिंजून टाचेमागे घातला, बोटाने दाबून बसवला. मग डावा. मग दोन्ही नाड्या.

"घट्ट बांध," आत्या म्हणाली. "तिला सैल आवडायचे नाहीत जोडे."

"तिने कधी घातले होते?"

"दुसऱ्यांच्या पायांत आवडायचे नाहीत. दहादहादा बांधून घ्यायची माझ्याकडून."

वानछिऊने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, पहिल्यापेक्षा घट्ट. मग ती उठली, घमेल्यातलं पाणी बाहेर नेऊन अंगणाच्या कडेला ओतलं, आणि घमेलं भिंतीला टेकवून उपडं ठेवलं. पायवाटेवरून पहिल्या बायका वर येताना दिसत होत्या. दोघीतिघींच्या पायांत आईने शिवलेले जोडे होते.

"या," ती म्हणाली. "आत या. आई तयार आहे."